कुंदाच्या पुढ्यातली ताटं

हॉस्टेलमध्ये दोन मुलींचं वाजलं की कुंदा लगेच काही बोलायची नाही. जेवणाच्या घंटेची वाट पाहायची. घंटा झाली, ताटं वाढली, की त्या दोघींना समोरासमोर बसवायची, त्यांची ताटं ओढून आपल्या पुढ्यात घ्यायची आणि दोन्ही ताटांवर एकेक हात ठेवून म्हणायची, "हं. कुठपर्यंत आलं होतं?" मग सुटका नसे. एकीनं सगळं बोलायचं, दुसरीनं मध्ये तोंड घालायचं नाही. मग दुसरीची पाळी. पोटात काही शिल्लक राहिलं नाही अशी कुंदाची खात्री झाली, की ताटं परत मिळायची. तोवर वरणावर साय धरलेली असायची आणि पोळ्या कडक झालेल्या असायच्या.

"मिटवू नका वं पोट्ट्यांनो," ती म्हणायची. "मिटवलं म्हंजे नुसतं झाकून ठेवलं. पुरं करा. अर्धं भांडण घेऊन जेवाल तर तेच भांडण उद्या पुन्हा वर येईल."

स्वतःचं भांडण असलं तरी तिला सूट नव्हती. तेव्हा ती आपलं ताट उचलून तिसऱ्या कुणाच्या तरी हवाली करायची. एकदा माझ्याशीच तिचं बिनसलं. कपडे वाळत घालायच्या दोरीवरून. तर ही बाई आपलं आणि माझं अशी दोन्ही ताटं नलूच्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "धरून बस. आम्ही म्हणू तेव्हाच सोड." नलू बिचारी भित्री. ती आमच्या दोघींच्या आधी रडली.

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. नागपुरात मनपाच्या शाळेत आयुष्य काढलं, शेवटी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, आणि माझा आवाज चार वर्गांपलीकडे जायचा. माझ्यासारखीला कुंदासारखी मैत्रीण मिळाली हे माझं नशीबच. दुसऱ्या कुणी मला केव्हाच टाकलं असतं. कुंदा मला टाकायची नाही, आणि माझं चालवूनही घ्यायची नाही.

पुढे तिला नोकरी लागली तीही कोर्टात, स्टेनो म्हणून. "दिवसभर मी तारखाच टाइप करून राहिली," ती सांगायची. "एका म्हाताऱ्याचं कुंपणाचं भांडण आता त्याचा नातू भांडून राहिला. नातवाले माहीतच नाही कुंपण कुठं होतं ते! घरी आल्यावर तरी मले निकाल पाहिजे बापा." तिचे यजमान, आमचे भाऊजी, खापरखेड्याच्या वीज केंद्रात होते. मवाळ माणूस. ते हसत सांगायचे, की लग्नानंतर पहिली काही वर्षं त्यांनी गरम जेवण फारसं पाहिलंच नाही.

अशा या कुंदाच्या हातून एकच भांडण अर्धं सुटलं होतं. ते माझं आणि पुष्पाचं.

कॉलेजात आम्ही चौघी होतो. कुंदा काटोलची, नलू तुमसरची, पुष्पा पारशिवनीजवळच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी, आणि मी इथलीच, इंदोऱ्याची. घर गावातच असून मी हॉस्टेलला होते, कारण दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसं आणि अभ्यासाला कोपरा नव्हता. पुष्पा माझी खोलीतली जोडीदार. तिच्या घरून आलेलं तीळ-जवसाचं तिखट आम्ही एका वाटीत कालवून खायचो. तिचे केस मी विंचरायचे. माझ्या इतिहासाच्या वह्या ती उतरवून द्यायची. ती जवळीक खरी होती, म्हणूनच तर पुढचं इतकं लागलं.

बीएचा निकाल लागला आणि पुष्पाचं लग्न ठरलं. आम्ही तिघी एसटीनं तिच्या गावाला गेलो. दारात मांडव, नवी चटई, हातावर अत्तर. मला तर जरा जास्तच मान. पुष्पाची आत्याबाई मला हाताला धरून पहिल्या पंगतीत घेऊन गेली, स्वतः पत्रावळ मांडली, स्वतः बुंदी वाढली. मी मनात म्हटलं, पुष्पानं घरी माझं किती कौतुक केलं असेल! आणि मग ती आत्याबाई माझ्यासमोर उकिडवी बसून प्रेमानं म्हणाली, "कोणचे देशमुख वं बाई तुमी? वरुडकडले का काटोलकडले?"

मी म्हटलं, "मी देशमुख नाही. तुमचं चुकलं."

"चुकन कसं? पुष्पीनंच सांगितलं ना. शालू देशमुख, माह्या खोलीतली म्हणून."

मला आधी काही कळेना. मग एकदम सगळं कळलं. तो मान, ते अत्तर, ती पहिली पंगत. सगळं त्या देशमुखांच्या मुलीला होतं. माझ्या नावानं तिथं कुणीच आलेलं नव्हतं. माझ्या बाबांनी छप्पन साली याच नागपुरात धम्म घेतला होता. कुणी नाव विचारलं तर मान वर करून पूर्ण नाव सांगायचं, ही आमच्या घरातली पहिली शिकवण. अआइई त्याच्याही नंतर. मी पत्रावळीवरून उठले आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "मी शालिनी गजभिये. इंदोऱ्याची."

कुणी मला एक वाईट शब्द बोललं नाही. हे मुद्दाम सांगते. वाढणारा बादली घेऊन जागच्या जागी थांबला. माझ्या शेजारचे एक म्हातारबुवा हात झटकून उठले आणि दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. आत्याबाई आपल्या हाताकडे पाहत राहिली. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला पुष्पा मुंडावळ्या बांधून बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी चपला घातल्या आणि निघाले. कुंदाही आपली भरली पत्रावळ सोडून माझ्यामागून स्टँडपर्यंत आली. वाटभर एकच वाक्य म्हणत होती, "शालू, तिच्याशी बोलून जा. अर्धं सोडू नको." मी एसटीत चढले ते परत वळून पाहिलं नाही.

त्याला आता चाळीसेक वर्षं झाली. मी पुष्पाचं नाव तोंडातून काढलं नाही. कुंदा दोघींकडे जायची यायची, पण इकडचं तिकडे कधी केलं नाही. फक्त वर्षातून एखाद्या वेळी म्हणायची, "तुमच्या दोघींची ताटं माझ्यापाशीच आहेत बरं." मी विषय बदलायचे.

गेल्या थंडीत तिचा फोन आला. "रविवारी जेवायला ये. नलू रायपूरहून येऊन राहिली. पुष्पा येऊन राहिली. तुले फसवून बोलावत नाही, आधीच सांगून राहिली."

मी म्हटलं, "मग मी येत नाही," आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तेच वाक्य, तोच सूर. शेवटी मी ओरडले, "आता काहून वं? इतकी वर्षं गेली, आताच काय अडलं तुझं?" ती म्हणाली, "मले पाहायचं आहे. बस." कुंदानं कधी स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. मी हो म्हटलं आणि रविवारपर्यंत स्वतःवर चरफडत राहिले.

तिचं घर मानकापूरला. मी पोहोचले तेव्हा भाऊजींना तिनं बाहेर पिटाळलेलं होतं. दार तिनंच उघडलं. बरीच वाळली होती. बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. मी म्हटलं, "काय वं, डाएट करून राहिली का?" ती म्हणाली, "हाव ना, हिरोईन व्हायचं आहे," आणि मला आत ढकललं. पाटवडीच्या रश्शाचा वास घरभर होता.

नलू सोफ्यावर मोबाइल घेऊन तयारच होती. "या या! चौघी एकत्र! आधी एक फोटो!" तिनं मला ओढून बसवलं आणि मग मला दिसलं, की मधल्या खोलीच्या दारात पुष्पा उभी आहे. पांढरे केस, जाड चष्मा, सुती पातळ, हातात एक लहानशी पिशवी. आतल्या खोलीतून नुकतीच बाहेर आली होती. मी तिला रस्त्यात ओळखलं नसतं. तिनं मात्र मला ओळखलं, कारण तिचा हात चाचपडत दाराच्या चौकटीला लागला.

"कशी आहे?" ती म्हणाली.

नलूनं फोटो काढला. त्या फोटोत मी कुठं पाहते आहे ते मलाही सांगता येत नाही.

कुंदानं खाली सतरंजी टाकली. चार ताटं वाढली. रस्सा, पाटवड्या, वांग्याचं भरीत, पोळ्या, भात. मला आणि पुष्पाला तिनं समोरासमोर बसवलं. पुष्पानं घाईघाईनं ताटाकडे हात नेला, तोच कुंदानं ते ताट ओढलं. माझंही ओढलं. दोन्ही आपल्या पुढ्यात घेऊन त्यांवर हात ठेवले. तिचे हात किती बारीक झाले होते ते मी तेव्हा पाहिलं.

"हं," ती म्हणाली. "कुठपर्यंत आलं होतं?"

नलू कळवळली. "कुंदे, काय हे! साठी उलटली आपली. जुनं काढून काय होतं? जेवू दे ना बायांना."

"तू जेव. तुझं ताट तुझ्यापुढे आहे. शालू, तू बोल."

"मला काही बोलायचं नाही," मी म्हटलं. "मी तुझ्यासाठी आले. जेवायला दे नाहीतर जाते."

"जा ना. दार उघडंच आहे. पण जाशील तर मी इथून उठणार नाही. ताटं धरून बसून राहीन."

थट्टेनं म्हणाली असती तर मी उठले असते. ती थट्टा करत नव्हती. पुष्पा पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. त्या पदराकडे पाहता पाहता माझं डोकं फिरलं. एकदा चिडले, की माझी शाळेतली भाषा गळून पडते.

"तूनं माझं नाव काहून बदललं?" मी म्हटलं. "मी मागितलं होतं का तुले दुसरं नाव? मले सांगायचं, शालू, आमच्या घरचे असे आहेत, तू नको येऊ. मी आली नसती. दुरून आशीर्वाद दिला असता. पण तूनं मले बोलावलं अन् माझ्या जागी दुसरीच पोरगी उभी केली. मी तिथं बुंदी खाऊन राहिली होती पुष्पे! हसून हसून खाऊन राहिली होती! तुले मांडवातून दिसून राहिलं होतं की नाही?"

"दिसून राहिलं होतं," पुष्पा म्हणाली.

"मग?"

"मध्ये बोलू नको," कुंदा मला म्हणाली. "तुझं झालं असेल तर तिले बोलू दे."

"नाही झालं." आणि मग मी बोलत राहिले. वर्षानुवर्षं मनात घोळवलेलं सगळं. शाळेत नव्या शिक्षिकेनं आडनाव विचारून मग डबा जरा लांब सरकवला त्या दिवशी मला पुष्पाच आठवली होती, हेही सांगितलं. परकी माणसं काय, ती वागतातच, पण माझ्या हातानं वेणी घालून घेणारी माझ्या नावावर पांघरूण घालते, हे मला गिळता आलं नाही. नलू तोंडाला पदर लावून बसली होती. कुंदा ताटांवरचे हात न हलवता ऐकत होती.

माझं संपल्यावर पुष्पा बोलली. आवाज बारीक, पण थांबली नाही.

"तूनं नाव सांगितलं अन् निघून गेली. मी तिथंच राहिली शालू. मले तिथंच राहायचं होतं. त्याच मांडवातून मी सासरी गेली. सासूनं वर्षभर माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. 'हिच्या मायघरी कोण कोण पंगतीले बसते कोण जाणे,' म्हणे. स्वैपाक मी करायची अन् ती देवापुढचं पाणी शिंपडून मग खायची. कॉलेजातल्या कोणाचं नाव घरात घ्यायचं नाही, असा हुकूम. नलूचं पत्र आलं तर फाडून टाकलं."

"म्हणजे तुले वर्षभर कळलं," मी म्हटलं. "मले जन्मापासून कळते."

बाहेर भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली. पुष्पानं चष्मा काढून पदरानं पुसला, परत घातला, परत काढला.

"एकच सांग," मी म्हटलं. "माझ्या डोळ्यांत पाहून सांग. ते नाव कोणासाठी बदललं?"

"तुझ्यासाठी. तुले कोणी काही बोलू नये म्हणून. तुझा अपमान—"

"खोटं."

"खरंच वं... तुले पहिल्या पंगतीत..." ती थांबली. "पंगतीत... बुंदी..." पुढे शब्द नीट येईनात. मला वाटलं रडते आहे. मी आणखी आवाज चढवला. "सांग! कोणासाठी?" मग माझं तिच्या कपाळाकडे लक्ष गेलं. थंडीचे दिवस, पंखा बंद, आणि तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. बोटं थरथरत होती. ती माझ्याकडे पाहत होती, पण तिला मी दिसत नव्हते.

माझ्या आईची साखर अशीच घसरायची. कितीतरी वर्षं मी त्याच धास्तीत काढली होती.

"पुष्पे, इन्सुलिन घेतलं का तू?" मी तिचे खांदे धरून हलवले. "जेवणाआधीचं इंजेक्शन घेतलं का?" तिनं कसंबसं आतल्या खोलीकडे बोट केलं. ती लहानशी पिशवी. जेवण तयार आहे असं वाटून तिनं आत जाऊन सुई टोचून घेतली होती, आणि आम्ही तिचं ताट अडवून बसलो होतो.

मी स्वैपाकघरात धावले. कुंदाच्या घरात साखरेचा डबा कुठं असतो ते मला डोळे मिटून माहीत. पाण्यात मूठभर साखर ढवळली आणि पुष्पाचं डोकं माझ्या दंडावर घेऊन पेला तिच्या तोंडाला लावला. "गिळ. गिळ म्हणते ना! अजून एक घोट." नलू "माय वं, माय वं" करत खोलीत गोल गोल फिरत होती. कुंदानं ताटं सोडली होती. ती पुष्पाचे पाय चोळत होती, आणि आता काय करू म्हणून माझ्याकडेच पाहत होती. तिला तशी घाबरलेली मी कधी पाहिली नव्हती.

थोड्या वेळानं पुष्पाच्या डोळ्यांत ओळख आली. मी पोळीचा तुकडा रश्शात बुडवून तिच्या तोंडात घातला. मग दुसरा. तिनं निमूट खाल्ले. नलूला आता हुंदका आवरेना. "बघ ना, कसं देवानं जुळवून आणलं! शालूच्या हातचा घास! मिटलं गं बाई, मिटलं एकदाचं!"

"काय मिटलं?" कुंदा म्हणाली. अजून तिचा श्वास बसला नव्हता. "तिची साखर कमी झाली होती. भांडण नाही."

मला त्या क्षणी कुंदाचा इतका राग आला आणि इतकं प्रेम आलं, की दोन्हीचं काय करावं कळेना. कारण मला माहीत होतं, ती खरं बोलते आहे. मी कुणालाही असं साखरपाणी पाजलं असतं. त्या आत्याबाईलासुद्धा. त्यानं माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळत नव्हतं.

कुंदा पुष्पाजवळ सरकली. "मले सांगायचं ना वं, इंजेक्शन घेतलं म्हणून. तुले काही झालं असतं तर?"

"मले वाटलं, तू आता अशी करणार नाही. म्हातारी झाली."

"इतक्या वर्षांत तूनं मले ओळखलंच नाही," कुंदा म्हणाली आणि तिनं पुष्पाचं ताट पुष्पाच्या पुढ्यात ठेवलं. "तू जेव. तुले सूट." माझं ताट मात्र तिनं पुन्हा आपल्याकडे ओढून घेतलं. त्यावर हात ठेवला. मी ओढू दिलं.

पुष्पा जेवायला लागली. आम्ही तिघी तिच्याकडे पाहत बसलो. भाताचे चार घास झाल्यावर तिनं हात थांबवला. माझ्याकडे पाहिलं. चष्मा नव्हता, डोळे नुसते, लाल झालेले.

"माझ्यासाठी," ती म्हणाली.

तिनं हातातला घास ताटात ठेवला.

"मीनं ते नाव माझ्यासाठी बदललं. तुले कोणी काही बोललं असतं तर तू त्याले उभं-आडवं केलं असतं, मले माहीत नव्हतं का? तुझी भीती नव्हती मले. मले लाज वाटली होती. आमच्या घरच्यांची नाही शालू. तुझी. तू माझी मैत्रीण आहे, हे त्या लोकांसमोर सांगायची लाज वाटली. चाळीस वर्षं मी स्वतःले सांगून राहिली, की तुझ्यासाठी केलं म्हणून. ते खरं नाही."

मला वाटलं होतं, हे ऐकलं की मी रडेन, किंवा तिच्या अंगावर धावून जाईन. दोन्ही झालं नाही. मी नुसती बसले. मला एकदम कडकडून भूक लागली.

"बस," मी म्हटलं. "एवढंच पाहिजे होतं मले."

तिनं माफी मागितली नाही. मी माफ केलं असंही म्हटलं नाही. कुंदानं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, मग पुष्पाच्या तोंडाकडे, कोर्टात शेवटची ओळ तपासून पाहावी तसं. आणि माझं ताट माझ्याकडे सरकवलं.

"रस्सा गार झाला. गरम करून आणू का?"

"राहू दे. गारच दे," मी म्हटलं. तिखट इतकं होतं की डोळ्यांतून पाणी आलं, आणि नलूला वाटलं मी रडते आहे. वाटू दिलं. कुंदा स्वतः मात्र अर्धी पोळीच जेवली. मी विचारलं तर म्हणाली, "चाखून चाखूनच पोट भरलं ना वं."

त्यानंतर पुष्पाचा आणि माझा फोन सुरू झाला. फार गोड नाही. ती दर वेळी साखर किती आहे सांगायची, मी दर वेळी रागवायचे. कुंदाला आम्ही दोघी फोन करायचो. ती थोडक्यात आवरायची, "झोप येऊन राहिली," म्हणायची. उन्हाळा लागला आणि एका सकाळी भाऊजींचा फोन आला, कुंदा गेली म्हणून.

कॅन्सर होता, पोटातच. दिवाळीच्या आधीपासून तिला माहीत होतं. डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं. तिनं मात्र भाऊजींकडून वचन घेतलं होतं, की मैत्रिणींना सांगायचं नाही. "त्या रविवारच्या जेवणासाठीच ती दवाखान्यातून घरी आली होती," भाऊजी म्हणाले. "सगळा स्वैपाक बसून बसून केला तिनं. मला म्हणे, माझ्याकडे एक तारीख बाकी आहे."

तेरवीला मी गेले ती रागातच. खोटं कशाला सांगू? दुःख होतं, पण राग त्याच्या वर होता. आयुष्यभर आम्हाला म्हणाली, सगळं बोला, पोटात ठेवू नका, आणि स्वतः एवढं मोठं पोटात ठेवून बसली. माझ्या थट्टेवर "हिरोईन व्हायचं आहे" म्हणाली! मला सांगितलं असतं तर मी रोज आले असते. तिचे पाय चेपले असते. भांडले असते तिच्याशी, दुसऱ्या डॉक्टरकडे चल म्हणून. तो हक्क माझा होता की नाही?

पुष्पा तिच्या सासरच्या गावाहून सकाळीच आली होती. दारातच कुंदाच्या एका वयस्क नणंदेनं माझ्याकडे पाहून तिला विचारलं, "ह्या कोण बाई?"

"शालिनी गजभिये," पुष्पा म्हणाली. "कुंदाची अन् माझी मैत्रीण. हॉस्टेलात माझ्या खोलीत होती." नणंदबाईनं मान डोलावली आणि आम्हाला बसायला जागा करून दिली.

पंगत बसली. माझ्यापुढे ताट आलं. मी हात लावला नाही. डोळ्यांपुढे भाऊजींनी लावलेला हार घातलेला फोटो होता, आणि त्यात ती हसत होती. पुष्पानं दोनदा "जेव ना" म्हटलं. मी मान हलवली.

मग तिनं जे केलं ते मला आयुष्यात विसरता यायचं नाही. तिनं हात लांब करून माझं ताट ओढलं, आपल्या पुढ्यात घेतलं आणि त्यावर हात ठेवला. भोवतालच्या बाया बघायला लागल्या. पुष्पासारखी भिडस्त बाई, जिनं मांडवात माझ्याकडे पाहून मान खाली घातली होती, ती त्या भरल्या पंगतीत माझ्याकडे सरळ पाहून म्हणाली, "हं. कुठपर्यंत आलं होतं?"

"वेडी झाली का? कोणाशी भांडू? ती कुठं आहे?"

"माझ्याशी भांड. मी कुंदाच्या बाजूनं बोलते."

आणि मी भांडले. सगळ्यांसमोर, हळू आवाजात, पण एकही शब्द न गाळता. तूनं काहून सांगितलं नाही. आमची भांडणं पुरी केली अन् आपलं अर्धं टाकून गेली, ही कोणती रीत. पुष्पा मध्ये बोलली नाही. माझं संपल्यावर तिनं जरा विचार केला आणि कुंदाच्या वतीनं एवढंच म्हणाली, "सांगितलं असतं तर शालू, तू त्या दिवशी पुष्पाशी भांडली नसती. माझ्यावर दया म्हणून गप्प बसली असती. अन् तुमचं तसंच राहिलं असतं."

कुंदापुढे माझं कधी चाललं नव्हतं, तसं त्या दिवशीही चाललं नाही.

"झालं?" पुष्पानं विचारलं.

"हाव," मी म्हटलं.

तिनं ताट माझ्यापुढे सरकवलं. मी जेवले.